अप्पांच्या दहनाला पोचताना

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मद्रासला कॉलेजात शिकवीत होते. धाकटा भाऊ त्याच शहरात एका कारखानदाराकडे वैमानिक होता. धंद्यांवरची बंधनं नुकतीच सैल झाली होती आणि मालकाने हौसेनं एक छोटं, वेगवान विमान घेतलं होतं. मालकच म्हणाला, "विमान घेऊन जा. बहिणीलाही ने."

तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर. तिथे काका, म्हणजे अप्पांचे भाऊ, सगळी तयारी करून, अग्नी द्यायला अप्पांच्या एकुलत्या मुलाची वाट पाहत होते.

शहराबाहेरची धावपट्टी दिसली तेव्हा भाताची खाचरं पाण्यानं भरलेली होती. पट्टीही ओली चकचकत होती.

"वारा मागून आहे," भाऊ म्हणाला. "पलीकडून उतरायला हवं. पण वळसा घालावा लागेल."

"मग?"

"असू दे अक्का, उशीर होतोय."

सकाळपासून मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

पट्टी खाली आली, पण चाकं टेकेनात. विमान हातभर उंचीवरून पुढे पुढे तरंगत राहिलं. टेकलं तेव्हा अर्ध्याहून जास्त पट्टी मागे पडली होती. त्याने ब्रेक दाबला, चाकं पाण्यावरून घसरली. "थांब, थांब," तो विमानाला म्हणत होता. पट्टी संपली. कुंपणाची तार तुटल्याचा आवाज झाला, मग बांध, मग चिखल.

लावणी करणाऱ्या बायका धावत आल्या. एकीनं मला ओढून बाहेर काढलं आणि आपल्या पदरानं माझं तोंड पुसलं. मला खरचटलं होतं, एवढंच. भावाचा पाय पुढच्या भागात अडकून मोडला होता. ओरडत नव्हता तो. "अप्पा थांबलेत," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता.

डॉक्टरांनी त्याला हलवायला साफ नकार दिला. तेव्हा काका ओल्या वेष्टीत, नेसत्या धोतरानिशी, इस्पितळात आले. त्यांनी भावाच्या हातात दर्भाची काडी दिली.

"ही मला दे. म्हणजे तुझ्या वतीनं मी अग्नी देईन."

भावानं काडी परत दिली. काका ती मुठीत धरून घाईनं निघून गेले. मी घरी जाऊन अप्पांना पाहिलं. बायका गळ्यात पडून रडल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवीत राहिले. माझ्या केसांत चिखल वाळला होता, आणि तो टोचतोय याकडेच माझं लक्ष होतं.

तेरावा झाल्यावर भावाला प्लास्टर घातलेल्या पायानं घरी आणलं. दारापुढच्या ओट्यावर, तिण्ण्यावर बसून, मी न विचारताच तो बोलू लागला.

"वेग जास्त होता. चाकं टेकत नाहीत म्हटल्यावर पुन्हा वर उचलायचं असतं. फिरून यायचं. शिकवतात पहिल्यांदा तेच."

"मग का नाही उचललंस?"

"घर खालीच होतं ना."

आई आतून कॉफी घेऊन आली. आम्ही ती प्यालो.

त्याची नोकरी गेली. वर्षभरानं दुसरीकडे लागला, पुन्हा विमानं चालवू लागला. अप्पांच्या वर्षश्राद्धाला तो रेल्वेनं आला, थोडा लंगडत. मी त्याच्या विमानात परत बसले नाही. त्यानेही कधी विचारलं नाही.