जावळाच्या लोकरीचं टोपरं

रुख्मिणीकाकूंना लोकरीचं वेड आहे, आणि तेही आदिलाबादजवळ बेल्याकडच्या गावात, जिथे घराघरात कापसाचे ढीग असतात. मी त्यांच्या शेजारी ब्लाउज शिवते, त्यामुळे हे वेड मला रोज बघावं लागतं. भाजीच्या वाडीतून आल्या, हातपाय धुतले, की ओसरीवर बसून टकळी फिरवणार. विणायच्या सुया म्हणजे सायकलच्या तारा, दगडावर घासून गुळगुळीत केलेल्या. "प्रियदर्शनी, हे पाह्य," म्हणत दर दोन दिवसांनी वीतभर विणलेलं दाखवणार. तुमचा स्वेटर अंगाला टोचतो, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे. त्यांना राग येत नाही. त्यांचे यजमान अमृतराव तोच स्वेटर घालून थंडीभर वांगी तोडतात.

गेल्या उन्हाळ्यातली लोकर मात्र वेगळी होती. पीक निघालं की विठाबाई धनगरीण त्यांच्या वाडीत खतासाठी मेंढ्या बसवते आणि वांगी-मिरच्यांच्या बदल्यात लोकर देते. काकूंना टकळी शिकवली तीही तिनेच. या खेपेला तिने कोकरांची पहिली कातर दिली. तिला जावळ म्हणतात. काळीभोर, गालाला लावावी इतकी मऊ, आणि एका कोकराची आयुष्यात एकदाच निघणारी. काकूंनी ती पावसाळाभर कातली. दसऱ्याला सुताचा गोळा तयार झाला, तेव्हा त्यांच्या सुनेला, मयूरीला, सहावा महिना लागला होता.

मयूरी तिसऱ्यांदा गरोदर होती. आधीची दोन हाती लागली नव्हती. एक तिसऱ्या महिन्यात गेलं, दुसरं सातव्यात. आमच्याकडे अपशकुन नको म्हणून मूल जन्माला येईपर्यंत त्याच्यासाठी नवं काही करत नाहीत. पहिले लंगोट जुन्या लुगड्याचे, नवं अंगडं बारशाला. मी पोटासाठी शिवणकाम करते, पण पोटातल्या बाळासाठी कोणी झबलं मागितलं तर मीसुद्धा कापडाला कात्री लावत नाही.

आणि काकूंनी नेमकं तेच केलं. डिसेंबरात मी कढीपत्ता मागायला गेले, तर त्या तुरीच्या पोत्याआड बसून काहीतरी विणत होत्या. मला बघून पदराखाली लपवलं, मग स्वतःच बाहेर काढलं. बाळाचं टोपरं होतं, बंदासकट.

"कोणाले सांगू नको वो," त्या म्हणाल्या. "ऐन थंडीत येईन लेकरू. हात थांबूनच नाही राह्यले माये."

मी शब्द दिला. महिनाभर पाळलाही.

जानेवारीत मयूरी ब्लाउज उसवून ढिले करायला माझ्याकडे आली. आठवा सरत आला होता. सासूला ती मामी म्हणते. मामी हे खाऊ देत नाही, मामी ते उचलू देत नाही, असं तिचं चाललं होतं. मी ऐकत होते. मग ती म्हणाली, "मामीचा जीव नुसता त्या लोकरीत हाये, ताई." माझं डोकंच फिरलं.

"लोकरीत नाही, तुया लेकरात हाये," मी म्हणाले. "टोपरं विणून ठेवलं तिनं."

बोलले आणि जीभ चावली. ब्लाउज तिथेच टाकून मयूरी घरी निघाली. मी मागोमाग गेले.

ओसरीवर काकू टकळी फिरवत होत्या. मयूरीने एवढंच विचारलं, "मामी, कुठी हाये ते?" काकूंनी आतून टोपरं आणलं. मयूरीने हात लावला नाही. "उसवा," ती म्हणाली.

काकू उसवायला बसल्या. लोकरीचे तंतू एकमेकांना धरून ठेवतात, कापसाच्या सुतासारखे सरसर सुटत नाहीत. एकेक ओळ त्या हळूहळू ओढत होत्या आणि कुरळा झालेला धागा मांडीवर पडत होता. काकूंनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चौथ्या दिवशी सकाळी मयूरी पोटावर हात ठेवून म्हणाली, पहाटेपासून बाळ हललं नाही.

तिचा नवरा सुरेंद्र गाडी घेऊन आला. काकू पिशवी घेऊन चढायला लागल्या, तर मयूरी म्हणाली, "मामी, तुमी नका येऊ." काकूंनी उचललेलं पाऊल खाली ठेवलं. त्यांच्या जागी मी बसले. जैनथ गेलं, आदिलाबाद आलं, वाटेत मी तीनदा विचारलं, "हललं का?" तिने तिन्ही वेळा मान हलवली, नाही म्हणून. हे माझ्या तोंडामुळे झालं, दुसरं काही मला सुचत नव्हतं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरबाईंनी ठोके तपासले. होते, पण मंद. लगेच ऑपरेशन करावं लागेल म्हणाल्या. सुरेंद्रने सही केली. मी बाहेर आले, तर फाटकापाशी काकू उभ्या. मागच्या बसने आल्या होत्या. आत चला म्हटलं, तर म्हणाल्या, "तिनं नाही म्हणलं ना."

मुलगी झाली. रडायला वेळ लागला, पण रडली. दोन किलोही भरली नाही. वॉर्डाच्या कोपऱ्यात हीटरखाली, जुन्या लुगड्यात गुंडाळून नर्सने तिला ठेवलं. नर्स तेलुगू, बाळाला पापा म्हणणारी. माझ्याशी हिंदीत बोलली, "पापा का सिर ठंडा है. ऊन का टोपी लाओ, जल्दी."

मी फाटकाकडे धावले. "पोरगी झाली. जित्ती हाये," मी आधी सांगितलं. काकूंनी डोळे पुसले. लोकरीची टोपी हवी म्हटल्यावर त्यांचा हात पिशवीत गेला. तोच काळा गोळा, त्याच तारा. सुया हातात घेऊन काकू थांबल्या.

"मयूरीले इचार," त्या म्हणाल्या.

मला संताप आला. "लेकरू गार पडून राह्यलं, अन् तुमी इचारत बसता?"

"मांगं नव्हतं इचारलं," काकू म्हणाल्या.

मी परत आत गेले. मयूरी पडून होती, शुद्धीत. मी तिला सांगितलं, की शब्द मोडला तो मी, विणलं ते काकूंनी मायेनं, आता नर्सनं टोपी मागितली आहे, आणि काकू बाहेर तुझ्या होकारासाठी थांबल्यात. मयूरीने डोळे मिटून घेतले. ही नाही म्हणाली तर मी काय करणार होते, मला माहीत नव्हतं.

"मामीले आत आणा," ती म्हणाली. "डोक्याचं माप घ्या म्हणा आधी. अंदाजानं नका विणू."

काकू आल्या. हीटरखाली वाकून त्यांनी गोळ्याचं टोक सोडलं आणि तो कुरळा धागा नातीच्या डोक्याभोवती फिरवला. मापाची गाठ मी मारली. तो धागा त्यांनी हातावर ताणून पाहिला.

"पयलं लई मोठं झालं होतं वो," त्या मयूरीला म्हणाल्या. "डोळ्यावर आलं असतं."

"बसा इथंच," मयूरी म्हणाली.

काकू खाटेच्या कडेला बसल्या आणि टाके घालू लागल्या. मी गोळा धरायला हात पुढे केला, तर मयूरीने तो माझ्याआधी घेतला. काकू विणत होत्या तसतसा ती पडल्या पडल्या धागा सोडत राहिली.