फटफटीचा बेंदूर

दौलू मोट हाकायला बसला की त्याची उजवी मूठ आपोआप वळायची. नाड्यावर, मोटेच्या जाड दोरावर, बसून तो बैल उतारावर सोडायचा आणि पाण्यानं भरलेली मोट विहिरीतून वर यायला लागली की हवेतच काहीतरी घट्ट धरून मनगट पिळायचा. नवख्या माणसाला वाटे, याचा हात अधू आहे की काय. पण महायुद्धात तो फौजेत फटफटीवरून टपाल पोचवायचा, आणि फटफटीचा वेग मुठीतच असतो. लढाई संपून घरी आल्यावरसुद्धा ती मूठ काही गप्प बसेना.

"बघ शेठ," तो म्हणायचा, "इटलीत एका दिसात दोन जिल्ह्यांएवढा मुलूख पालथा घालत हुतो. हितं सकाळधरनं चालतोय, आन हाय तितंच हाय." बैलांची ती उतरती वाट दहा-वीस पावलांचीच. खाली जायचं, उलटं वर यायचं, पुन्हा खाली.

मी शेठ कसला! आष्ट्याच्या पेठेत आमचं भुसारी दुकान, आणि घरातला थोरला म्हणून गादीवर मी. आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं, त्याआधी दुकान आवरायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच फळी उघडायची. दौलू माझा शाळेतला सोबती. त्याच्या मोटेच्या गोष्टी ऐकताना मी हसायचो खरा, पण फार मोठ्यानं नाही.

तो फौजेत असतानाच त्याचा थोरला भाऊ विषमज्वरानं गेला. घरी आला तेव्हा विधवा भावजय, तिची दोन लहान मुलं, उसाचा मळा, गुरं आणि आई सरूआक्का, असा सगळा संसार आयताच त्याच्या गळ्यात पडला. कुणी त्याला "राहशील का?" असं विचारलं नाही. बैलाला जू घालताना कोण विचारतं? आणि इकडे माण तालुक्यातला त्याचा एक फौजी दोस्त साताऱ्यात मोटारदुरुस्तीचा कारखाना काढून बसला होता. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर निरोप धाडायचा, "दौलूला म्हणावं, हत्यारं तुझी वाट बघतात." असा निरोप आला की दौलू दोन दिवस कुणाशी बोलायचा नाही.

अशातच त्याला ती फटफटी सापडली. सांगलीत एका वकिलाच्या गाडीखान्यात पंधरा-वीस वर्षं पडून होती. मालक वारले होते, आणि बाईंना ती अडगळ नको होती. टाकीवर गंज चढलेला, सीट उंदरांनी खाल्लेली, आणि चाकांच्या मधल्या जागेत एक कोंबडी अंड्यावर बसलेली. दौलूनं गुळाची एक ढेप दिली, कोंबडीला उठवलं आणि फटफटी बैलगाडीत घालून घरी आणली. बैलांनी ओढत आणलेली फटफटी बघायला अख्खी गल्ली लोटली. मीही दुकान सोडून गेलो होतो.

सरूआक्का दारात तांब्या घेऊन उभी. नवं जनावर घरात आलं की त्याच्या खुरांवर पाणी घालायचं, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, ही तिची रीत. तिनं फटफटीच्या दोन्ही चाकांवर पाणी घातलं, तुकडा ओवाळला आणि मग लेकाला विचारलं, "ह्ये खातं काय?"

"पेट्रोल खातं, आये."

"आन करतं काय?"

"लांब जातं."

म्हातारीचा चेहरा उतरला. पण ती वस्ताद बाई. चार माणसांसमक्ष म्हणाली, "बरं. ह्ये धूड ज्या दिशी चालंल, त्या दिशी तूबी जा साताऱ्याला. मी आडवी येनार न्हाई." लोक हसले, कारण ते लोखंड बघून शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं, की हे चालायचं नाही. दौलू हसला नाही. त्यानं आईचे पाय धरले. शब्द पक्का करून घेतला म्हणा ना.

मग वर्षभर गोठ्याच्या एका कोपऱ्यात त्याचा कारखाना चालला. मोट, पाणी, उसाची लावण, सगळं आटोपून उरलेल्या वेळात. इंजिन आतून गच्च धरलेलं. त्यात रॉकेल ओतून तो महिनाभर नुसता वाट बघत बसला. मला वाटे, मी असतो तर हातोडा घातला असता. तो म्हणायचा, "गंजलेल्या गड्याशी भांडायचं न्हाई, शेठ. त्येला भिजू द्यायचं. त्येचा त्यो सुटतो." आणि सुटलं! त्या दिवशी तो धावत पेठेत आला आणि गिऱ्हाइकांसमोर मला मिठी मारून माझा पांढरा सदरा काळा करून गेला. घरी मी बोलणी खाल्ली.

क्लचमध्ये बुचाचे तुकडे लागतात हे मला तेव्हाच कळलं. मग आमच्या दुकानातल्या आणि गावच्या डॉक्टरांकडच्या औषधाच्या बाटल्यांची बुचं गायब व्हायला लागली. सीट जुन्या मोटेच्या कातड्याची शिवली. त्यावर हात फिरवून तो म्हणाला, "हिनं जलमभर विहिरीतलं पाणी काढलं. आता जरा मुलूख बघंल." टायर कराडच्या बाजारात फौजेच्या मोडीतून मिळाले. पेट्रोल परवान्यावर, तेही थेंब थेंब. ते त्यानं आईच्या लोणच्याच्या बरणीसारखं जपून ठेवलं होतं.

बेंदराच्या आदल्या आठवड्यात फटफटी बोलली. गोठ्यातली गुरं दावी तोडायला निघाली, पोरं किंचाळली, आणि दौलू धुरात उभा राहून रडत होता. सरूआक्का उंबऱ्यात आली, बघितलं, आणि आत जाऊन तिनं चूल पेटवली. शब्दाला मात्र ती जागली. भावजयीच्या भावाला मळा बघायला बोलावणं गेलं, तो आलाही. बेंदूर झाला की दुसऱ्या दिवशी दौलूनं निघायचं ठरलं.

बेंदूर म्हणजे आमच्याकडे बैलांची दिवाळी. शिंगं रंगवायची, झूल घालायची, पुरणपोळी चारायची. दुपारी गावभर मिरवणूक. दौलू बैल घेऊन मिरवणुकीत होता, मीही होतो. त्यानं मला हळूच सांगितलं, "ह्ये शेवटचं रं." मी मान हलवली. खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला निरोप द्यायला सगळे वेशीत जमलो. पाठीला वळकटी बांधून तो दिमाखात आला, हात हलवला, वेस ओलांडली. शंभर पावलं गेली असेल नसेल, फटफटी ठसकली आणि गप्प झाली. पुन्हा लाथ मारली, पुन्हा मारली. काही नाही. शेवटी त्यानं टाकीचं झाकण काढून वास घेतला, आत बोट घालून चाटलं, आणि तसाच थांबला. मी जवळ गेलो. बोट चिकट होतं. टाकीच्या तोंडाशी पुरणपोळीचा एक भिजलेला तुकडा तरंगत होता.

मागून सरूआक्का लगबगीनं येत होती. "का रं थांबलं? काल समद्या जनावरांस्नी पोळी घातली, ह्येलाबी घातली. वरनं तांब्याभर गुळवणी वतली. तोंडाला कसला घाण वास येतोय त्येच्या! लांबच्या वाटंचं जनावर हाय, उपाशी कसं धाडू?"

कुणी हसलं नाही. दौलू आईकडे बघत राहिला. मग झाकण लावलं आणि म्हणाला, "काय न्हाई, आये. जुनं लोखंड हाय. दम लागला त्येला." आणि फटफटी ढकलत घराकडे वळला. म्हातारी सीटवर हात ठेवून शेजारून चालत होती, थकल्या बैलाशी बोलावं तशी तिच्याशी बोलत होती.

त्या संध्याकाळी मी जेवण लवकर उरकून गोठ्यात गेलो. विचारलं, "तिनं मुद्दाम केलं का रे?"

तो टाकी धूत होता. धुता धुताच म्हणाला, "इचारायचं न्हाई, शेठ. इचारलं तर ती सांगंल."

टाकी धुऊन झाली, पण फटफटी काही चालू झाली नाही. चार दिवसांनी म्हणे, नळी चोंदलीय. महिन्यानं म्हणे, सुटा भाग मिळत नाही. भावजयीचा भाऊ कंटाळून परत गेला. साताऱ्याचे निरोपही थांबले. आता ती चालू झाली असती तर त्याला जावं लागलं असतं, आणि पोळी त्याला अडवायलाच घातली असेल, तर ती वाया गेल्याचं आईच्या जिव्हारी लागलं असतं. असा तो दोन्हीकडून अडकला. मूठ मात्र मोटेवर वळायचीच.

पुढच्या बेंदराला मी मुद्दाम गेलो. सरूआक्का हळदकुंकू घेऊन फटफटीपाशी आली, झाकण काढलं आणि पोळी घातली, वर गुळवणी. मी घाबरून बघतो तर टाकीच्या तोंडात काढता-घालता येणारी एक पत्र्याची वाटी घट्ट बसवलेली. सगळं त्या वाटीत. खाली थेंब जायचा नाही. म्हातारी आत गेल्यावर मी म्हणालो, "अरे, टाकी राखतोस म्हणजे ही चालते?"

"हळू बोल," दौलू म्हणाला. "चालती. कवाच चालती."

त्याच वर्षी थंडीत सरूआक्का गेली. दिवसकार्य झालं आणि एके दुपारी पेठेतून फटफट आवाज आला. दौलू! दुकानासमोरून गेला, मला हात केला, इस्लामपूरच्या रस्त्याला लागला. गेला एकदाचा! मी त्या दिवशी गिऱ्हाइकांना माप जास्त घातलं असेन. मला इतका आनंद स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

दिवस कलला, मी फळ्या लावत होतो, आणि तोच आवाज उलट दिशेनं आला. अंगावर धूळ, डोळे लाल.

"मलकापुरापतूर गेलो," तो म्हणाला. "म्होरं कराड. एक बाई म्हस घेऊन पाण्यावर निघाली हुती. म्हणलं, आपल्या धारंची येळ झाली. वयनी एकटी हाय. पोरं हायत." मग उजवा हात पुढं करून म्हणाला, "मूठ वळंना रं म्होरं. हीच मूठ."

मी त्याला चार शब्द सुनावायला हवे होते. पण मलाही जेवायला घरी जायचं होतं, दिवस मावळत होता.

त्यानंतरच्या बेंदराला बैलांना पोळी घालून झाल्यावर दौलू कोपऱ्यात गेला. फटफटी फडक्यानं पुसली, हळदकुंकू लावलं, झाकण काढलं आणि वाटीत पोळीचा तुकडा ठेवून वर गुळवणी ओतली. मी बघतोय हे पाहून ओशाळला.

"लांबच्या वाटंचं जनावर हाय," तो म्हणाला. "उपाशी कसं ठिवू?"