अस्वलाचं काय झालं?
काल रामवाडीतल्या माझ्या घरी रंगाचा डबा उघडला आणि त्या वासासरशी हमरापुरातली एक दुपार आठवली. वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी मी तेव्हा शाळा सुटल्यावर जादा वर्ग घ्यायचे. पाचवीतली एक मुलगी जोडाक्षर आलं की गप्पच व्हायची. तिची आई गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवायची. “बाई, हिला वाचन जमायचं नाय. पुढच्या वर्षी कामालाच बसवते,” असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. पण वर्गात मुलीची जीभ हळूहळू सुटत होती, म्हणून एक दिवस मी तिला गोष्टीचं पुस्तक देऊन थेट कारखान्यात नेलं. मूर्तींच्या रांगेत उभी राहून ती बोट ठेवत वाचू लागली. अस्वल मधासाठी झाडावर चढलं, फांदी मोडली आणि पुढच्याच शब्दाला ती अडली. बायकांचे ब्रश थांबले. “धप्... प... धप्पकन!” ती ओरडलीच आणि धडाधड पुढचं वाचत सुटली. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या! पान उलटेपर्यंतही आईला धीर नव्हता. “अगो, मेलं का काय ते अस्वल? सांग ना!” “आई, थांब गो, वाचतेय ना मी!” सगळा कारखाना हसला. गोष्ट संपल्यावर आई मला म्हणाली, “बाई, शाळा नाय सोडवत हिची. दुसरी गोष्ट हाय का?” ती मुलगी आता रोह्याला कॉलेजात आहे. मी अजूनही असे वर्ग घेते; शनिवारी ती तिथं येऊन छोट्यांकडून वाचून घेते. एखादं मूल अडलं की मी अधीर होऊन शब्द सांगायला जाते, तेव्हा ती मला डोळ्यांनीच गप्प बसवते.