ओट्यावर कोणीच नव्हतं

तो ओटा आठवला की आजही माझ्या अंगावर काटा येतो. नोकरीत मी प्रेतं पुष्कळ पाहिली, विहिरीतली, रुळांवरची. त्यांची कधी भीती वाटली नाही. जिवंत माणसाला पाहून घाबरलो तो मात्र त्या एकाच प्रकरणात.

निवृत्ती जवळ आली होती आणि मी शहाद्याच्या पोलीस ठाण्यात होतो. जिल्हा कार्यालयाकडून एक गोपनीय पत्र आलं. कुठल्याशा दूरच्या देशाच्या एका माजी मंत्र्यानं सरकारी ठेक्यांत हात धुऊन घेतले होते. दुसऱ्या एका बड्या देशाच्या सरकारनं त्याच्यावर निर्बंध घातले होते. त्याची खाती गोठवली, व्हिसा रद्द केला आणि त्याच्याशी व्यवहार करणाऱ्यांनाही कारवाईची तंबी दिली. पाठोपाठ त्याच्याच देशानं त्याचा पासपोर्ट रद्द केला. तो भारतात लपल्याचा संशय होता. असली पत्रं येतच असतात. आम्ही लॉजची रजिस्टरं पाहतो, ‘निरंक’ असा अहवाल पाठवतो आणि बंदोबस्ताच्या मागे लागतो.

या वेळी निरंक लिहिण्याआधी शहाद्यातला एक औषध दुकानदार आपणहून ठाण्यात आला. जमिनीचा एक दलाल त्याच्याकडून हृदयाच्या महागड्या गोळ्या तोरणमाळच्या एका बंगल्यासाठी न्यायचा, आणि अलीकडे तो यायचाच बंद झाला होता. डोंगरात एवढी महाग गोळी कोण खातं, हे कोडं त्याला सुटत नव्हतं. मलाही सुटलं नाही.

दलालाला बोलावून घेतलं. चौकशीत मी आधी चहा देतो. लपवण्यासारखं असलं की माणूस चहा गार होऊ देतो. यानं तर कपाला हातच लावला नाही. बंगला एका आदिवासी विधवेच्या जमिनीवर आहे, वीजमीटर तिच्या नावावर आहे, राहत तिथं कोणी नाही, एवढंच तो घोकत राहिला. आदिवासींची जमीन बाहेरच्याला सहज घेता येत नाही, म्हणून कागदावर मालक एक आणि किल्ली दुसऱ्याकडे, हा प्रकार आम्हाला नवा नव्हता. त्याला जीपमध्ये घातलं आणि घाट चढलो.

वर धुकं होतं. माझा हवालदार शहाद्याचा, पण बरीच वर्षं डोंगरातल्या चौकीवर राहून तिथली पावरी बोली शिकलेला. त्यानं वस्तीत भेटेल त्याला विचारलं. प्रत्येकानं एकच उत्तर दिलं, बंगल्यात कोणी नाही. खोटं बोलणाऱ्याचे डोळे मला ओळखू येतात. हे लोक खोटं बोलत नव्हते.

बंगल्याच्या ओट्यावर ती विधवा केर काढत होती. आणि ओट्यावर खुर्ची टाकून एक परदेशी म्हातारा बसला होता. अंगात भारी कोट, दाढी वाढलेली, गाल बसलेले. बाई त्याच्या पायांभोवतून झाडू फिरवत होती, जसा खांबाभोवतून फिरवावा तसा. हा कोण, असं मी हवालदाराला विचारायला लावलं. तिनं खुर्चीकडे शांतपणे पाहिलं आणि सांगितलं की इथं कोणी नाही.

हवालदार माझ्याजवळ सरकला. “साहेब, तो तुमले बी दिखी ऱ्हायना ना?”

“दिसतोय,” मी म्हणालो, पण मलाही घाम फुटला होता.

तेवढ्यात तो म्हातारा धडपडत उठला आणि त्यानं माझी बाही पकडली. मोडक्या इंग्रजीत त्यानं विचारलं, “तुम्ही माझ्याकडे पाहताय ना?”

ते पाहून दलाल तिथंच सगळं बोलून गेला. खाती गोठल्यावर पैसा थांबला, तसा हा पाहुणा त्याला जड झाला. मग त्यानं बाईला घाबरवलं, की मोठ्या सरकारनं याच्याशी देणं-घेणं बंद केलंय, जो याला काही देईल त्याचंही सगळं जप्त होईल, तुझं शेतसुद्धा. तिनं ते वस्तीसमोर ठेवलं. या वस्तीची जुनी रीत अशी, की वाळीत टाकलेल्याला विस्तव नाही, पाणी नाही, त्याच्याकडे पाहायचंही नाही. तो आहे असं म्हणणं हाही दोष. वस्तीनं बसून हुकूम मान्य केला आणि अक्षरशः पाळला. शहरात अशा हुकमांना पळवाटा काढून देणारे वकील मिळतात. इथं तसं कोणी नव्हतं.

म्हाताऱ्याचे खाण्याचे डबे संपत आले होते. त्यानं सांगितलं की सुरुवातीला तो ओरडला, शिव्या दिल्या. एकदा वाटेत एकाचा हात धरला, तर तो माणूस हात सुटेपर्यंत उभा राहिला आणि पुढं चालू लागला. आपण मेलो असू असं त्याला वाटू लागलं होतं.

आता अडचण बाईची होती. दलालानं पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही. तो इथं कोणाच्या आश्रयानं राहिला, हे तिच्या जबाबाशिवाय सिद्ध होत नव्हतं. तिनं खरं सांगितलं तर ती साक्षीदार. नाही तर जमीन तिची, मीटर तिचं, म्हणून आसरा देणारी आरोपी तीच ठरणार होती. मी हे समजावल्यावर तिनं मक्याच्या शेताकडे पाहिलं. बंगल्याखालचा तुकडा सोडला तर तेवढीच जमीन होती तिची. मग ती हवालदारामार्फत बोलली, “वाळीत टाकलेल्याला परत घ्यायचं तर सगळ्यांसमोर पाणी पाजावं लागतं. मी पाजलं आणि ते सरकार आलं, तर माझं शेत जाईल?”

“त्या सरकारचा हुकूम तुझ्या शेतावर चालत नाही,” मी म्हणालो. “आणि तू खरं सांगितलंस, तर आमचाही कोणी शेताला हात लावणार नाही.”

तिनं माझा चेहरा नीट न्याहाळला. मग वस्तीला हाक मारली. माणसं जमली तशी तिनं तांब्या आणला आणि म्हाताऱ्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. तो प्यायला आणि लहान मुलासारखा रडला. धुक्यातून सगळे डोळे एकदम त्याच्याकडे वळले. क्षणापूर्वी त्यातला एकही डोळा तिकडे नव्हता.

“आता हा आहे,” बाई म्हणाली. “लिहा.”

पंचनामा झाला. हवालदारानं अटकेसाठी दंड धरला, तर म्हाताऱ्यानं ‘थँक यू, थँक यू’ म्हणत त्याचाच हात घट्ट पकडला आणि घाट उतरेपर्यंत सोडला नाही. पुढे त्याचं काय झालं ते वरच्यांना ठाऊक. दलालावर गुन्हा दाखल झाला. बंगल्याला सील लागलं. शेत बाईकडेच राहिलं, ती ते आजही कसते.

माणसाला कोठडीत टाकणं ही मोठी शिक्षा, असं मी नोकरीभर समजत आलो. त्या माणसाला गज नव्हते, कुलूप नव्हतं, डोंगर सगळा मोकळा होता. त्यानं जे लुटलं त्याची शिक्षा त्याला व्हायलाच हवी होती, यात मला शंका नाही. पण अटक होताच आभार मानणारा आरोपी मी तो एकच पाहिला, आणि ते आभार मला अजूनही पचलेले नाहीत.