सी ड्राइव्हमधली माय

"मायचं पोट गच्च भरलं. एक दाणा जाऊन नाई राह्यला आता," सचिवकाका दारात उभे राहून फोनवर सांगत होते. "सकाळपासून बोंबलून राह्यली. मालेगावचा मेकॅनिक येते म्हणे दुपारी."

मी मान खाली घालून कागदांना पंच मारत राहिले. ऑफिसात माझा नववा दिवस होता, त्यामुळे कुणाच्या आईला काय झालं अशी भीती मला आता वाटत नव्हती. पहिल्या दिवशी मात्र "हे मायमधे टाक" असं ऐकून मी खरोखर खोलीत एखादी म्हातारी बाई शोधली होती.

माय म्हणजे माय डॉक्युमेंट्स. शेलूबाजारजवळ आमचा सेंद्रिय भाजीपाला पिकवणाऱ्यांचा गट आहे. वडील त्याचे सभासद, म्हणून मला इथे टायपिंगला बसवलं होतं. गटाकडे एकच कॉम्प्युटर, सुरू व्हायला चहा होईपर्यंतचा वेळ घेणारा. त्यातल्या या नावाच्या पिवळ्या फोल्डरला सगळे आईच समजत. आलेलं पत्र मायमधे, सभेचे फोटो मायमधे, काही सापडेनासं झालं तर "मायले विचार." पहिल्या दिवशी मी, इंग्रजी शाळेतून आलेली, सवयीने म्हणून गेले होते, "तो शब्द आई असा नाही. माय म्हणजे माझे."

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुहे? आल्या आल्या तुहे झाले का?"

सगळं ऑफिस हसलं. त्यानंतर मी "हो" आणि "झालं" एवढ्या दोन शब्दांवर काम चालवत होते.

खरं तर माय आजारी नव्हती. सी ड्राइव्ह भरला होता. कोपऱ्यात पिवळा फुगा येऊन जागा संपल्याचं सांगायचा आणि काका त्याच्या फुलीवर क्लिक करायचे. फुगा गेला की त्यांच्या लेखी जागा झालेली असायची. डी ड्राइव्ह मात्र पहिल्या दिवसापासून कोरा होता. कॉम्प्युटर विकणारा "डी सध्या रिकामा आहे" असं सांगून गेला होता, आणि गटाने ते वाक्य ठरावासारखं पाळलं होतं.

उपाय चार क्लिकचा होता. फोल्डरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे त्याचा पत्ता दिसतो, खाली मूव्हचं बटण. डीमधली जागा दाखवायची. जुन्या फायलीही न्यायच्या का, असं तो विचारतो, हो म्हणायचं. नाव तेच, उघडायची रीत तीच, फक्त राहायची जागा बदलते. चौथ्या दिवशी हे मी काकांना हळूच सांगूनही पाहिलं होतं.

"मायले सीतून काढून डीकडे धाडा म्हणते पोरगी," काकांनी ते मोठ्याने पोहोचवलं.

"नको बाप्पा," अध्यक्ष म्हणाले. "माह्या घरी तेच चालू हाय. सहा महिने माह्याकडे, सहा महिने धाकल्याकडे. तिकडे गेली का इकडचं बोलते, इकडे आली का तिकडचं. ऑफिसात तरी तिले एका जागी राहू द्या."

विषय संपला.

पण सोमवारी सेंद्रिय प्रमाणपत्राची तपासणी होती. तपासणीवाल्यांना प्रत्येक सभासदाची तीन वर्षांची नोंद लागते: कोणत्या तुकड्यात शेणखत कधी, निंबोळी अर्क कधी, कोणतं बियाणं. नोंद नसेल तर पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात. या नोंदी काकांनी एका बोटाने, 'ळ' कुठे आहे ते रोज नव्याने शोधत, टाइप केल्या होत्या. कागदी रजिस्टरं होती; पण कॉम्प्युटर आल्यावर आपण आता डिजिटल झालो म्हणून ती रद्दीत गेली. त्या पानांत गुंडाळलेली आमचीच कोथिंबीर मी बाजारात पाहिली आहे. थोडक्यात, तीन वर्षांचं सगळं त्या एका फोल्डरमध्ये होतं आणि फोल्डर सीमध्ये.

मेकॅनिक आला. खिशाला स्क्रू ड्रायव्हर, हातात हेल्मेट. खुर्चीवर न बसताच म्हणाला, "फॉरमॅट मारा लागते."

हा शब्द ऐकून सगळ्यांना बरं वाटलं. मोठ्या डॉक्टरने ऑपरेशन सांगितल्यावर घरच्यांना वाटतं तसं.

"आधी बॅकअप घ्या," अध्यक्ष म्हणाले. हा शब्द त्यांना येत होता.

मेकॅनिकने पेनड्राइव्ह लावला, स्क्रीनवरचं मायचं चित्र उचलून त्यात टाकलं आणि म्हणाला, "झालं."

"एवढ्यात?" काका म्हणाले.

"पेनड्राइव्ह नवा हाय ना, काका. फास्ट चालते. भरोसा नाई का? हे पाहा." त्याने पेनड्राइव्हमधल्या चित्रावर क्लिक केलं. नोंदी, पत्रं, फोटो, सगळं उघडलं. काकांनी डोळ्यांवरून हात फिरवला आणि पेनड्राइव्ह शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला.

त्या चित्राच्या कोपऱ्यात लहानसा बाण होता. मी बसल्या जागेवरून तो पाहिला होता. तो फोल्डर नव्हताच, शॉर्टकट होता. फायली उघडत होत्या त्या सीमधल्याच.

मी मनात वाक्य जुळवायला लागले. 'चूक' म्हटलं तर मेकॅनिकचा अपमान, 'थांबा' म्हटलं तर अध्यक्षांचा. 'शॉर्टकट' म्हटलं तर पुन्हा इंग्रजी. मी "काका" म्हणाले, पण ते इतकं हळू की पंख्यालाही ऐकू गेलं नसेल. तोवर मेकॅनिकने सीडी घातली होती. निळा पडदा आला, त्यावर इंग्रजीत बरंच काही लिहून आलं. खोलीतल्या कुणी ते वाचलं नाही. मी वाचलं. एक बटण दाबलं की सी कोरा होणार होता.

"दाबू का?" मेकॅनिक म्हणाला.

"थांब ना बे," काका म्हणाले. "भाऊच्या हातानं होऊ दे."

आमच्या गटात पाण्याच्या टाकीपासून वजनकाट्यापर्यंत सगळं भाऊंच्या, म्हणजे अध्यक्षांच्या, हातून होतं. भाऊंनी कॉलर सारखी केली. मेकॅनिकने बटणावर बोट ठेवून जागा दाखवली, काकांनी फोटोसाठी मोबाइल काढला. "भाऊ, इकडे पाहा जरासे." भाऊ कॅमेऱ्याकडे पाहून हसले. बोट बटणाच्या वर आलं.

मी उभी राहिले. खुर्ची मागे पडली, त्या आवाजाने सगळे वळले.

"भाऊ, हात काढा! पेनड्राइव्हमधे मायचा निस्ता पत्ता आला. माय अजून सीमधेच हाय."