पितृपक्षात पिस्टन

मंडळी, आज कामावर उशिरा का आलो ते कँटीनच्या फळ्यावरच लिहितोय. प्रत्येकाला वेगळं सांगायची ताकद नाही.

माझी मोटरसायकल कधीपासून निळा धूर सोडतेय. मेकॅनिकने गेल्याच आठवड्यात सांगितलेलं, "पिस्टन-रिंगा आत्ताच बदला, नाहीतर इंजिन जाम होईल." पण बाबा अडून बसले. "पितृपक्षात नवीन वस्तू घ्यायची नाही. घटस्थापनेनंतर बघू."

आज सकाळी कोलशेत रोडवर इंजिन जाम! गाडी गेटपर्यंत ढकलत आणली. आता सिलिंडरचंही काम निघणार.

चिडून घरी फोन केला. बाबा म्हणाले, "बघ! नवा पिस्टन टाकला असतास, तर आज तोच गेला असता."

यावर काय बोलायचं, सांगा कोणीतरी. खाली खडू ठेवलाय.