गोलघुमटाला निघालेले साडू

रस्त्याच्या कडेला उभं असलेलं कोणतंही माणूस आपल्याच गाडीची वाट बघतंय, अशी ठाम समजूत असलेले आमच्या थोरल्या साडूंसारखे गृहस्थ उदगीरपासून नांदेडपर्यंत दुसरे सापडायचे नाहीत. बत्तीस वर्षं त्यांनी एसटी चालवली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण ती बातमी त्यांच्या हातापायांपर्यंत अजून पोचलेली नाही. जेवायला बसले की डावा हात आपोआप गिअर शोधतो आणि लोणच्याच्या बरणीवर जाऊन थांबतो. रिक्षात मागे बसले तरी वळणावर उजवा पाय असा काही दाबतात की रिक्षावाला दचकून मागे बघतो. वेळेच्या बाबतीत तर त्यांनी सख्ख्या नात्याचाही मुलाहिजा ठेवला नाही. मुलीचा साखरपुडा लातूरला करून परतताना सगळे एका हॉटेलात चहाला थांबले. साडूंनी “दहा मिनटं” म्हणून जाहीर केलं आणि अकराव्या मिनिटाला गाडी हलवली. “अवो, व्याही राहिले की मागं!” असं अक्का ओरडल्या, तेव्हा साडू शांतपणे म्हणाले, “मागच्या गाडीनं येतील.” लग्न मोडलं नाही, याचं श्रेय सर्वस्वी व्याह्यांच्या स्वभावाला आहे.

अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. मुलगा पुण्याला, मुलगी हैदराबादला. उदगीरच्या घरात साडू एकटेच. अक्कांना एकदा गोलघुमट बघायचा होता. साडूंनी विजापूरच्या असंख्य फेऱ्या मारल्या होत्या, स्टँडवर चहा पिताना तो घुमट लांबून बघितला होता. आत मात्र पाऊल टाकलं नव्हतं. “पोरं आले की समदे मिळून जाऊ,” असं ते दर दिवाळीला म्हणत, आणि दर दिवाळीला कुणाची तरी सुट्टी कमी पडे. अक्का गेल्यावर त्यांनी हे मनावर घेतलं. गेल्या दिवाळीसाठी ओळखीच्या माणसाकडून सतरा जणांची गाडी ठरवली, ड्रायव्हर नको म्हणून बजावून सांगितलं, आणि वहीच्या कागदावर चौकोन आखून कुणी कुठं बसायचं ते लिहून काढलं. नातवंडांना खिडक्या. उलटी होणाऱ्या सूनबाईंना पुढची जागा.

मग फोन येऊ लागले. मुलाला रजा मिळाली नाही. मुलीच्या घरी सासूबाई पडल्या. देगलूरच्या पुतण्याचं सोयाबीन काढायचं राहिलं होतं. प्रत्येक फोनला साडू “हाव हाव, काम म्हत्त्वाचं,” म्हणत आणि कागदावरच्या एकेका चौकोनावर सुबक रेघ मारत. मी आणि माझी बायको लातूरहून आदल्या दिवशी पोचलो, तेव्हा त्या कागदावर आमचीच दोन नावं शिल्लक होती.

“दाजी, तिघंच आहोत तर लहान गाडी घेऊ या की,” बायको म्हणाली.

“गाडी सांगितलीय. शब्द दिलाय,” साडू म्हणाले, आणि पुढचं बोलणं संपलं.

पहाटे पाचला निघालो. चौदा रिकाम्या सीटा आमच्या मागे खडखडत होत्या. साडू आरशात बघत होते आणि पुन्हा रस्त्याकडे बघत होते. निलंग्याच्या फाट्यावर एक म्हातारी गाठोडं घेऊन उभी दिसली आणि त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

“कुठं जाऊलालीस, मावशे?”

“उमरग्याला. पन ही यष्टी न्हाई दिसत बाबा.”

“न्हाई. ही घरची हाय. बस.”

त्यानंतर त्यांना कुणी आवरू शकलं नसतं. सोलापूरला भाच्याच्या लग्नाला निघालेले शिंपीकाम करणारे चाचा, त्यांची बायको आणि तीन मुली, उमरग्यात टोमॅटोची क्रेट घेतलेले दोघे भाऊ, एक पोस्टमन, आणि वाटेत हात केलेले आणखी पाचजण. चाचांनी भाडं विचारलं, तर साडू दुखावलेच. “पाव्हण्याकडून कुणी पैसे घेतंय का, चाचा? मागं सरका जरा, मावशीला टेकू द्या.” त्या मुलींनी खिडक्या पटकावल्या. चाचींनी खिम्याचे समोसे काढले, माझ्या बायकोने चिवडा काढला. शाकाहारी साडू चिवडा खात, मान डोलवत, मधूनच कानडीत पोस्टमनशी हुज्जत घालत गाडी चालवत होते. इतके खूश ते मला अक्का गेल्यापासून दिसले नव्हते.

सोलापुरात उरलेले सगळे उतरले. चाचांनी दोन्ही हातांनी साडूंचा हात धरला, मुलींनी टाटा केला. गाडी पुन्हा खडखडू लागली. विजापूरपर्यंत साडू पुन्हा पुन्हा आरशात बघत होते.

बायकोचे गुडघे दुखतात म्हणून ती खालीच बागेत बसली. आम्ही दोघं त्या अरुंद पायऱ्या चढून वर गेलो. घुमटाच्या आतून फिरणाऱ्या सज्जात एका शाळेची सहल ओरडत होती आणि प्रत्येक आरोळी सात-सात वेळा परत येत होती. गोंगाटात साडू पुढे कुठं गेले ते कळलं नाही. थोड्या वेळानं शिट्ट्या वाजवत गुरुजींनी पोरं खाली नेली. एकदम शांत झालं. मी भिंतीला पाठ टेकून बसलो, आणि माझ्या कानाशी कुणीतरी बोललं.

“कुनीच न्हाई आलं बघ. पाव्हणं तेवढे आले.”

मी समोर बघितलं. घुमटाच्या पार पलीकडे साडू भिंतीकडे तोंड करून उभे होते. इतक्या लांबून त्यांची अख्खी आकृती एका टोपीएवढी दिसत होती.

“पोरांवर रागवू नकू. कामं असतेत त्यांला.” मग: “घरी बोलाया कुनी न्हाई गं.”

मी भिंतीपासून दूर झालो. दुसऱ्याचं पत्र उघडल्यासारखं वाटलं. काही वेळानं वळसा घालून त्यांच्याकडे गेलो, तर ते डोळे पुसून तयार होते.

“पाव्हणं, तिकडं काही ऐकू आलं का?”

“नाही हो,” मी म्हणालो. “पोरांचा दंगा होता ना.”

“मग कुजबूज पलीकडं ऐकू येती म्हून उगंच नाव हाय याचं,” साडू म्हणाले आणि पायऱ्या उतरू लागले.

खाली आल्यावर मुलाचा फोन आला. “लई मज्जा आली,” साडू त्याला सांगत होते. “गाडी गच्च भरलेली. नुस्ता दंगा पोरींचा.” त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

बायकोला मी सगळं सांगितलं. तिने उदगीरला चार दिवस राहायचं ठरवलं. पण लातूरला आमच्याकडेही पाहुणे येणार होते, म्हणून दोनच दिवस झाले. निघताना साडू स्टँडवर सोडायला आले, आमच्या ड्रायव्हरला दोन सूचना दिल्या, खिडकीवर थाप मारली. गाडी वळल्यावर मी मागे बघितलं. वाटलं होतं, ते आमच्याकडे बघत उभे असतील. ते शेजारच्या फलाटावर गेले होते आणि एका अनोळखी बाईंना विचारत होते, कुठं जायचंय म्हणून.